सोसाचं काहून?

लेबर रूममध्ये शिरणारा प्रत्येक जण टेबलावरच्या बाईला काही ना काही विचारायचा. पाणी कधी गेलं? कळा कधीपासून? पहिलं की दुसरं? आमच्या डॉक्टरबाई मात्र शिरल्या की तिच्या उशाशी जात, कपाळावर चिकटलेले केस मागं सारत आणि विचारत, "काहून वं माय, किती दुखून राह्यलं?"

आणि ती जे सांगेल ते खरं मानत. "खूप" म्हणाली तर खूप. आम्ही शिकाऊ डॉक्टर म्हणायचो, अजून गर्भपिशवीचं तोंड पुरतं उघडलेलं नाही, एवढ्यात एवढं कसं दुखेल? बाई चष्म्याच्या वरून बघत. "दुखणं तिचं. तू कोण वं त्याले लहानमोठं म्हनणारी?"

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची नागपूरची गोष्ट. मी एका सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात हाउसमनशिप करत होते. बाई भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांचं काम ऑपरेशन थिएटरात. लेबर रूममध्ये त्यांना कोणी बोलावलेलं नसायचं. त्या आपण होऊन यायच्या, थिएटरचं काम आटोपलं की हिरवी टोपी डोक्यावर तशीच ठेवून, फुटाणे चघळत. उंच, काटक, साडी घोट्याच्या बरीच वर, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. स्कूटर चालवत येत. त्या काळात साडीतली बाई स्कूटरवरून सीताबर्डीच्या चौकातून गेली की सायकलवाले पाय टेकून बघत उभे राहायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. उलट हॉर्न जोरात वाजवायच्या.

काटोलकडच्या संत्र्याच्या बागायतदारांची ही मुलगी. विलायतेत भूलशास्त्र शिकून आलेली. तिथं त्यांनी पाहिलं होतं की सुइणी गॅसची पेटी घेऊन घरोघर जातात आणि बाळंत होणारी बाई तो गॅस आपल्या हातानं ओढते. तेवढी एक गोष्ट त्या तिकडून घेऊन आल्या. बाकी विलायतेचं त्यांच्यावर काही चढलं नाही. अधिष्ठात्यांशी इंग्रजी बोलत, उरलेल्या सगळ्यांशी वऱ्हाडी. मी नागपुरातल्या महाल वस्तीतल्या मास्तरांची मुलगी, मला सुरुवातीला ते कानाला खुपायचं. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "कळ आल्यावर बाई पुस्तकातलं मराठी बोलते का? मंग मी काहून बोलू?"

'सोसणे' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. आणि त्याच्या आधी 'थोडं' लागलं तर विचारू नका. कुणी "थोडं सोस गं" म्हटलं की बाई जिथं असतील तिथून वळत. "थोडं म्हनजे किती? दे मोजून. अन सोसाचं काहून? हे तरी सांग."

मुलांची बॅच आली की त्या कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घेऊन यायच्या. 'प्रसूतिवेदना या नैसर्गिक असतात' असं एखाद्या मुलानं उत्तर दिलं की तो चिमटा त्याच्या कानाच्या पाळीला लावायच्या आणि तास पुढं सुरू करायच्या. मुलगा कसनुसा हसायचा, मग हसणं थांबायचं, मग कान लालबुंद व्हायचा. "काढू का मॅडम?" "काहून? नैसर्गिक हाये नं लाकूड?" तास संपल्यावर स्वतः चिमटा काढून त्याचा कान चोळून द्यायच्या आणि चार फुटाणे हातावर ठेवायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरांच्या ड्यूटी रूमच्या खिडक्यांवरच्या वाळ्याच्या ताट्या उतरवून लेबर रूमला लावल्या. आमच्या खोलीची भट्टी झाली. रजिस्ट्रार तक्रार करायला गेला तेव्हा त्या स्टुलावर चढून ताटीवर पाणी मारत होत्या. "तू बाळंत होशील त्या दिवशी वापस नेजो," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. आमच्या लेबर रूमच्या सिस्टर चार मुलांच्या आई. पाठीमागं म्हणायच्या, "हिला काय माहीत कळा काय असतात ते." एकदा तोंडावर म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "मले अपेंडिक्सही नाही झालं सिस्टर. पण त्यालेही भूल मीच देते."

विलायतेतून आणलेली गॅसची पेटी म्हणजे डब्यासारखं एक छोटं यंत्र. आत निळसर औषध, त्याला वळ्यावळ्यांची रबरी नळी, नळीच्या टोकाला मास्क. वास गोडसर. बाईंचा नियम एकच : मास्क बाळंतिणीनं आपल्या हातानं धरायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गुंगी जास्त झाली तर तिचा हात आपोआप खाली येतो, मास्क सुटतो आणि औषध थांबतं. "दुसऱ्यानं दाबून धरला तं थे मेली समजा," असं नव्या नर्सला धडकीच भरवायच्या.

पण पेटी कुणाच्याही तोंडाशी नेण्याआधी त्या सगळं समजावून सांगत. दोन कळांच्या मधल्या वेळात, शेतात निंदण करणाऱ्या बाईलाही, आम्हाला सांगाव्यात तशा सगळ्या गोष्टी. "हे पाह्य माय. एक, कमरेत सुई देता येते. त्यानं दुखणं जात नाही, पण दूर जाऊन बसते. तुले पेंग येईल. लेकरालेही येते, म्हनून अगदी शेवटी मागशील तं मी देणार नाही. दोन, हा गॅस. कळ चढाच्या आधी वढाचा, चढल्यावर नाही. तीन, पाठीत सुई. त्यानं कमरेखालचं दुखणंच बंद. पण त्यात प्रेशर उतरते, म्हनून मले तुह्याजवळ बसून राहा लागते, अन सगळ्यांसाठी मी एकटीच हावो. अन चार, काहीच नोको. तेही चालते. मंग मी हात धरून बसते. सांग, तुले काय पाह्यजे?"

रजिस्ट्रार म्हणायचा, "चालू झालं मेन्यू कार्ड."

सावनेरकडची एक कास्तकारीण होती, तिसरं बाळंतपण. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले काईच नोको. मी वरडतो फक्त." मास्क पुढं करणाऱ्या इंटर्नला बाईंनी हाकलून लावलं. "नाही म्हनून राह्यली नं थे? मंग झालं." आणि स्टूल ओढून तिचा हात धरून बसल्या. कास्तकारीण अशी ओरडली की बाहेरच्या व्हरांड्यातले लोक उठून उभे राहिले. सिस्टर दटावायला आल्या, तर बाई म्हणाल्या, "वरडू द्या. छत पडत नाही." बाळ आलं तेव्हा बाईंच्या मनगटावर नखांचे व्रण उठले होते. त्या दिवशी त्या भारी खुशीत होत्या.

सिस्टरांबद्दल सांगायला हवं. त्या कामाला वाघीण, पण हात चालायचा. बाळंतीण पाय आवळू लागली की मांडीवर फाडकन चापट, आणि वर ते वाक्य, जे तेव्हा सगळ्याच लेबर रूममध्ये बोललं जायचं : "नवऱ्याजवळ जाताना गोड वाटलं, आता कशाला रडते?" आम्हीही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

एका दुपारी ती चापट बाईंच्या समोर बसली. टेबलावरची मुलगी जेमतेम अठराएकोणीसची. ती रडायचीच थांबली, भीतीनं. आम्हाला वाटलं, आता स्फोट होणार. बाई सिस्टरांच्या अगदी जवळ गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बाळंतपणात तुम्हाले कोणी मारलं होतं का सिस्टर?"

सिस्टर काही तरी तोडून बोलायला गेल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. "मारलं होतं," म्हणाल्या. "पहिल्या वेळी. आमच्याच मेट्रननं. मी तिच्या हाताखाली शिकलेली होते."

"मंग?"

"मग काय. सोसलं."

बाईंनी त्या शब्दावर काहीही म्हटलं नाही. मी तरी तेवढ्या एकाच वेळी तसं पाहिलं. सिस्टर बाहेर गेल्या, नळावर बराच वेळ हात धूत राहिल्या. त्यांचं तोंड काही सुधारलं नाही, शिव्या चालूच राहिल्या. पण हात पुन्हा उठला नाही.

खरा झगडा होता तो आमच्या विभागप्रमुखांशी. आम्ही त्यांना सर म्हणायचो. हात असे की अडलेलं मूल फुलासारखं बाहेर यायचं. पेशंटवर ओरडायचे नाहीत, गरिबांना औषधं स्वतः आणून द्यायचे. पण त्यांची श्रद्धा होती की कळांतूनच बाईचं आईपण घडतं. एकदा भरलेल्या सभागृहात ते बाईंना म्हणाले, "डॉक्टर, कळा सोसल्या नाहीत तर आई ही आईच होत नाही."

मागच्या रांगेतून बाईंचा आवाज आला, "मंग सर, बाप कसा बाप होते?"

सभागृह हसलं. सर हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला की पाठीतली सुई लेबर रूममध्ये द्यायची नाही, आणि गॅस सरांच्या परवानगीशिवाय नाही.

आणि मग ती खापरखेड्याची मुलगी आली. नवरा तिथल्या वीज केंद्रात कामाला. लहानपणच्या सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप आकसलेली होती. कळ आली की छाती भात्यासारखी चालायची, ओठ निळे पडायचे. प्रत्येक कळेगणिक श्वास कमी पडत चालला होता. बाळ यायला अजून बराच अवकाश होता आणि ती तोवर टिकेल असं आम्हा कुणालाच वाटत नव्हतं. सर मुलाखती घ्यायला विद्यापीठात गेलेले. बाई आल्या, नाडी पाहिली, कान लावून छाती ऐकली.

"पाठीत सुई द्या लागते. कळ आली की हिचं काळीज पळते, अन पळालं की फुप्फुसात पाणी भरते. कळच बंद करतो."

रजिस्ट्रार पांढरा पडला. "मॅडम, सरांचा हुकूम—"

"सरांले फोन लाव. मी तवर हात धुतो."

फोन लागेपर्यंत सुई जाऊन बसलेली होती. औषध एकदम नाही, चमचा चमचा पाणी पाजावं तसं, थांबत थांबत, दर वेळी प्रेशर बघत. बाई वाकून तिच्याशी बोलत होत्या, आणि मी पाहिलं की त्यांच्या कानामागून घाम ओघळतो आहे. हळूहळू मुलीचा श्वास उतरला. ओठांवर रंग आला. ती म्हणाली, "बाई, चहा भेटन का?" आमच्यातली एक इंटर्न तिथंच रडली. पुढं फोर्सेप्स लावून मूल काढलं. मायलेकरं सुखरूप घरी गेली.

सर मोठ्या मनाचे होते. राउंडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टर, तुमचा निर्णय बरोबर होता. हृदयरोग्यांच्या बाबतीत ही पद्धत आपण सुरू ठेवू."

आम्हाला वाटलं, बाई जिंकल्या. त्या मात्र भडकल्या. "हिचं काळीज बिघडलं म्हनून हिले हक्क भेटला. ज्यायचं काळीज चांगलं हाये त्यायनं काय पाप केलं, सर? दुखणं तं तेच हाये."

"त्यांना आजार नाही, डॉक्टर. परवानगीसाठी निदान लागेल."

"ठीक हाये," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून प्रत्येक केसपेपरवर निदानाच्या जागी त्या आपल्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द लिहू लागल्या : वेदना. आणि गॅस देत. सरांनी खोलीत बोलावलं. मी कागद घेऊन दाराशीच उभी होते.

"वेदना हा आजार नाही."

"मंग आपुन दोघं डॉक्टर कशाचे, सर?"

काही आठवड्यांत बदलीचा हुकूम आला, पार चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या पलीकडे, जिथं ऑपरेशन थिएटरच नव्हतं. बाईंनी तो वाचला, घडी घातली, त्यात फुटाणे बांधले आणि राजीनामा लिहिला. सरकारी नोकरीत त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. पुढं आयुष्यभर खासगी दवाखान्यांतून भूल देत फिरल्या, आणि जी पेटी हाताशी असेल ती स्कूटरच्या डिक्कीत घेऊन जिथून बोलावणं येईल तिथं गेल्या. मधे एकदा आमच्या दवाखान्यानं त्यांना परत बोलावलं, पण गॅस फक्त पैसे भरणाऱ्या बायकांना, या बोलीवर. त्यांनी निरोप धाडला, जनरल वॉर्डात देऊ द्याल तर आज येतो. तिकडून उत्तर आलं नाही.

त्यांच्या राजीनाम्यानंतरच्या मे महिन्यात मी त्याच दवाखान्यात बाळंत झाले. पैसे भरून खोली घेतली तरी मूल जन्माला यायचं ते त्याच हॉलात. ओळीनं टेबलं, मध्ये पडदे. सकाळी आले तेव्हा मोठ्या ऐटीत होते. शेकडो बाळंतपणं पाहिली होती मी. दुपार झाली आणि ते सगळं कुठल्या कुठं गेलं. जे दुखत होतं त्याला मला शब्द नव्हता. आई म्हणत होती, "थोडं धीरानं घे," आणि आईलाच ढकलून द्यावंसं वाटत होतं.

सिस्टर माझ्या कानाशी आल्या. "चूप राहा. फोन लावलाय मी."

बाई स्कूटरवरून कडकडीत उन्हात आल्या. त्यांना आत यायचा अधिकार नव्हता. दार सिस्टरांनीच उघडलं. पेटी ट्रॉलीवर ठेवून बाई माझ्याकडे वळणार तोच सर आत आले. मी त्यांची विद्यार्थिनी, म्हणून ते जातीनं आले होते.

"तुमचा या हॉस्पिटलशी आता काही संबंध नाही, डॉक्टर."

"नाही. हिच्याशी हाये."

"इथं काय द्यायचं ते मी ठरवतो."

"मी नाही ठरवत, तुम्हीही नोका ठरवू," बाई म्हणाल्या. "थे जागी हाये, शुद्धीत हाये. तिले विचारा."

सर माझ्याकडे बघू लागले. इतकी वर्षं या हॉलात फिरलेला माणूस, पण कळा देणाऱ्या बाईला हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नसावा. त्यांना तो कसा विचारायचा तेच कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "हवंय तुला?"

माझ्याजवळ पुस्तकातलं उत्तर होतं, मुद्देसूद. पण पुढची कळ उठत होती. "हवंय," मी ओरडले. "सर, आत्ता हवंय!"

ते ट्रॉलीजवळून बाजूला झाले. "ठीक आहे. ही आपली डॉक्टर आहे, म्हणून."

बाईंनी मास्क माझ्या हातात दिला, तोंडाला लावला नाही. गोडसर वास आला. कळ आलीच, पण जणू पलीकडच्या खोलीतून आली. दुखतंय हे कळत होतं, आणि तरी मी त्याच्या तावडीत नव्हते. हात खाली आला. डोळे उघडले तर बाई तिथंच होत्या.

तेवढ्यात शेजारचा पडदा सर्रकन बाजूला झाला. पलीकडच्या टेबलावरची बाई कोपरावर उठून बसली होती. काळीसावळी, केस सुटलेले, डोळे लाल. दुपारपासून ती माझ्याइतकीच कण्हत होती आणि मी ते ऐकत होते. तिनं थेट सरांनाच हाक मारली.

"ओ मोठे डाक्टर! तिले देऊन राह्यले, मंग मले काहून नाही? मी का दगडगोट्याची हावो?"

 मी बाईंकडे पाहिलं. आता त्या बोलणार असं सगळ्यांनाच वाटलं. पण त्या हात मागं बांधून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि सरांना उत्तर द्यायला मोकळं सोडलं.

"सांगा नं!" ती बाई म्हणाली. "डाक्टरीन हाये म्हनून तिले जादा दुखते का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.  त्या बाईला कळ आली आणि तिनं टेबलाची कड धरली, पण डोळे त्यांच्यावरून काढले नाहीत. कळ ओसरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिशात कोंबला आणि सिस्टरांना म्हणाले, "मास्क नीट स्पिरिटनं पुसून द्या."

आणि बाहेर गेले.

सिस्टरांनी ट्रॉली आमच्या दोघींच्या मध्ये ओढली. योग असा की माझी कळ ओसरली की तिची चढायची. मी ओढायचे, सिस्टर पुसायच्या, ती ओढायची. बाई दोघींच्या मध्ये उभ्या राहून सांगत होत्या, "आता तू. वढ, चढाच्या आधी. हां. आता थांब. आता तू वं." आम्हाला एकमेकींची नावं माहीत नव्हती. मधेच ती मास्क काढून म्हणाली, "चांगलं हाये वो हे," आणि आम्ही दोघी हसत सुटलो. माझ्या आईनं कपाळाला हात लावला.

माझी मुलगी आधी झाली. तिचा मुलगा मागोमाग.

सूर्य कलल्यावर बाई निघाल्या. सिस्टर पेटी उचलायला गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. तिसऱ्या टेबलावरची बाई मास्क सोडायला तयार नव्हती.

"राहू द्या अठीच," बाई म्हणाल्या, आणि स्कूटरला किक मारायला उन्हात निघून गेल्या.